आधी कुलूप, मग किल्ली : मुक्तस्रोत प्रकल्पात ॲक्सेस देण्याची आणि काढून घेण्याची रीत

नाशिकमध्ये मुक्तस्रोत (कोड सगळ्यांना खुला असलेले) प्रकल्प चालवणाऱ्या मुलामुलींशी बोलताना एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते. कोणीतरी दोन चांगल्या पुल रिक्वेस्ट (‘माझा बदल कोडमध्ये घ्या’ अशा विनंत्या) पाठवतं, आपल्याला आनंद होतो आणि त्याच रात्री आपण त्याला ‘राइट’ ॲक्सेस, म्हणजे कोडमध्ये लिहायचा हक्क, देऊन मोकळे होतो. मेन ब्रँचला (कोडच्या मुख्य प्रतीला) कुलूप लावायचं राहिलं आहे, टोकनं (पासवर्डसारख्या डिजिटल किल्ल्या) कुणाच्या नावावर आहेत ते माहीत नाही, हा मुलगा उद्या पुण्याला नोकरीला गेला तर त्याचं काम कोण बघणार याचा विचार झालेला नाही. हे सगळं ‘नंतर बघू’च्या खात्यात जातं. नंतर बघायला बसलं की यादीत चौदा नावं असतात आणि त्यातली तीन कोणाची, हे कोणालाच सांगता येत नाही.

आम्ही काही जण द्राक्ष बागायतदारांसाठी फवारणीची नोंदवही चालवतो. निफाड, दिंडोरीकडचे शेतकरी कोणतं औषध कोणत्या तारखेला मारलं ते तीत लिहितात आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं ते ॲप सांगतं. हा दिवसांचा आकडा एका साध्या फाइलमध्ये असतो. तिथे कोणाच्या हातून २१ चे १२ झाले, तर निर्यातीचा माल रेसिड्यूच्या (औषधाच्या उरलेल्या अंशाच्या) तपासणीत अडकू शकतो. आमच्यासाठी ॲक्सेसचा प्रश्न त्या शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कमाईपर्यंत जाऊन भिडतो, म्हणून त्यात मी हयगय करत नाही.

खालच्या पायऱ्या गिटहब (कोड ठेवायची आणि मिळून लिहायची वेबसाइट) धरून लिहिल्या आहेत. तशाच गिटलॅबवर भूमिकांची नावं वेगळी आहेत, क्रम मात्र हाच ठेवा. क्रम उलटा केला की प्रत्येक पायरी दुप्पट अवघड होते.

## पायरी १ : किल्ल्यांची वही काढा

सेटिंगमधलं एकही बटण दाबण्याआधी एक तक्ता करा. रकाने पाचच : किल्ली कशाची, कोणाकडे आहे, कोणत्या कामासाठी दिली, कधी दिली, ती कोण काढून घेऊ शकतं.

बहुतेक जण या वहीत फक्त रिपॉझिटरीतली (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यातली) नावं लिहितात आणि थांबतात. खऱ्या महत्त्वाच्या किल्ल्या बाहेर असतात. पॅकेज (वापरायला तयार बांधलेला कोड) जिथून वितरित होतं ते खातं, म्हणजे पायथॉनसाठी पायपीआय किंवा जावास्क्रिप्टसाठी एनपीएम. प्ले स्टोअरचं कन्सोल आणि ॲपवर सही करायची की. डोमेनचं नाव. सर्व्हर. प्रकल्पाचा ईमेल, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड त्याच्यावरूनच बदलता येतात. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्राम गटाचे ॲडमिन. रिपॉझिटरीच्या आतही नुसती माणसं पाहू नका. डिप्लॉय की (सर्व्हरला दिलेली किल्ली), वेबहुक (घडामोडी दुसऱ्या सर्व्हरला कळवणारी जोडणी), सिक्रेट्स (लपवून ठेवलेली टोकनं, पासवर्ड) आणि जोडलेली ॲप ही चार पानं उघडून प्रत्येक ओळ वहीत उतरवा.

आमची वही पहिल्यांदा भरली तेव्हा डोमेन एका जुन्या सहकाऱ्याच्या कार्डावर असल्याचं कळलं. तो प्रकल्पातून दोन वर्षांपूर्वीच बाहेर पडला होता आणि दरवर्षी मुकाट्याने पैसे भरत होता. त्याचं कार्ड बदललं असतं तर ॲप बंद पडलं असतं आणि का पडलं ते शोधायला आम्हाला आठवडा लागला असता.

सावधान : या वहीत पासवर्ड लिहायचे नाहीत. किल्ली कोणाकडे आहे एवढंच लिहायचं.

तपासणी : प्रत्येक ओळीत किमान दोन नावं आहेत का? जिथे एकच नाव आहे तिथे लाल खूण करा. जिथे नावच नाही ती ओळ आजच सोडवा.

## पायरी २ : प्रकल्प वैयक्तिक खात्यातून संस्थेत हलवा

वैयक्तिक खात्यातल्या रिपॉझिटरीत दोनच प्रकारची माणसं असतात : मालक आणि सहयोगी. सहयोगी झाला की त्याला कोडमध्ये लिहायचा हक्क मिळालाच. मधल्या पायऱ्या तिथे नाहीत. त्या हव्या असतील तर गिटहबवर ऑर्गनायझेशन उघडावं लागतं. ते मोफत मिळतं, आणि सार्वजनिक रिपॉझिटरीसाठी टीम, ब्रँचची कुलपं हे सगळं मोफत योजनेतच आहे.

नवीन संस्था तयार करा आणि रिपॉझिटरी तिच्या नावावर हस्तांतरित करा. इश्यू (चुका आणि सूचनांच्या नोंदी), पुल रिक्वेस्ट, स्टार सगळं सोबत येतं आणि जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर आपोआप नेलं जातं. इथे तीन जागी लोक चुकतात.

आपलं वैयक्तिक खातंच संस्थेत बदलण्याचा पर्याय सेटिंगमध्ये दिसतो. तो घेऊ नका, त्या खात्याने पुन्हा लॉगिन करता येत नाही. दुसरं, जुन्या जागी त्याच नावाची नवी रिपॉझिटरी उघडू नका, नाहीतर जुन्या पत्त्यावरून पुढे नेणं थांबतं. तिसरं, गिटहब पेजेसवर माहितीची वेबसाइट असेल तर तिचा पत्ता असा पुढे नेला जात नाही. तो छापील पत्रकांवर असेल तर आधीच विचार करा. आमच्या कृषी प्रदर्शनातल्या पत्रकांवर तो होता.

संस्थेचे ओनर दोन किंवा तीन ठेवा. एकच ओनर असेल आणि त्याचा फोन गोदावरीत पडला तर सगळं अडकतं. पाच ओनर असतील तर फोडण्याजोगी पाच दारं तयार होतात, कारण ओनरला प्रत्येक रिपॉझिटरीवर ॲडमिनचे हक्क असतात.

## पायरी ३ : मूळ परवानगी खाली आणा, दुहेरी पडताळणी सक्तीची करा

संस्थेच्या सेटिंगमध्ये ‘बेस परमिशन’ नावाची एक निवड असते. संस्थेत आलेल्या प्रत्येक सदस्याला काहीही न करता जो हक्क मिळतो तो हा. ती ‘रीड’वर किंवा ‘नो परमिशन’वर ठेवा.

ही ओळ वाचायची राहिली की पुढचं सगळं काम वाया जातं, कारण एका माणसाला वेगवेगळ्या वाटांनी हक्क मिळत असतील तर त्यातला सर्वांत मोठा हक्क लागू होतो. मूळ परवानगी ‘राइट’ असेल, तर तुम्ही टीमला ‘रीड’ दिलंत तरी त्या माणसाच्या हातात ‘राइट’च राहतो. पडद्यावर टीमचं नाव आणि त्यापुढे ‘रीड’ पाहून आपण निर्धास्त होतो.

मग दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डसोबत फोनवरचा कोडही मागणं. गिटहबने २०२३ पासून कोड देणाऱ्यांसाठी ती टप्प्याटप्प्याने सक्तीची केली, तरी संस्थेच्या पातळीवरची सक्ती वेगळी लावावी लागते. लावण्याआधी सदस्यांच्या यादीत कोणाची चालू नाही ते गाळून पाहा आणि त्यांना आठवडाभर आधी कळवा. न कळवता सक्ती केलीत तर ते लोक संस्थेच्या कामापासून तुटतात आणि का तुटले ते विचारायला तुम्हाला रात्री फोन करतात. रिकव्हरी कोड (फोन हरवला तर आत येण्याचे) छापून घरी कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवायला सांगा. त्याच फोनमध्ये स्क्रीनशॉट ठेवला तर फोन गेला की कोडही गेले.

## पायरी ४ : हक्क कामाला जोडा, माणसाला नको

गिटहबवर रिपॉझिटरीच्या पाच भूमिका आहेत आणि त्यांतली ‘ट्रिआज’ ही माझ्या पाहण्यात फार कमी वापरली जाते. ट्रिआज मिळालेला माणूस इश्यूंना लेबल लावू शकतो, काम कोणाकडे द्यायचं ते ठरवू शकतो, इश्यू बंद करू किंवा पुन्हा उघडू शकतो. कोडला मात्र हात लावू शकत नाही. नव्या उत्साही माणसाला द्यायला याहून चांगली भूमिका नाही. आपल्याकडे कितीतरी वेळा कोणाला फक्त लेबलं लावायची असतात म्हणून थेट ‘राइट’ दिलं जातं.

‘रीड’ सार्वजनिक प्रकल्पात सगळ्यांनाच असतं. ‘राइट’मध्ये कोड ढकलणं, मर्ज करणं (बदल मुख्य कोडमध्ये मिसळणं) आणि रिलीज (नवी आवृत्ती) काढणंही येतं. ‘मेंटेन’ रोजच्या व्यवस्थापनासाठी आहे, धोक्याची बटणं वगळून. ‘ॲडमिन’ला कुलपं काढता-लावता येतात, माणसं घेता येतात, रिपॉझिटरी पुसताही येते.

आता टीम करा आणि टीमला नाव कामाचं द्या. आमच्याकडे चार आहेत : इश्यू-वर्गीकरण, ॲप, औषध-माहिती, प्रकाशन. माणसाला थेट रिपॉझिटरीवर हक्क द्यायचा नाही, टीममध्ये घ्यायचं. मग माणूस काम बदलतो तेव्हा टीम बदलते आणि मागे काही राहत नाही.

इथे जी खरी अडचण येते ती तांत्रिक नाही. आमच्याकडे कोड देणारे निम्मेअधिक इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आहेत. त्यांना बायोडेटावर लिहायला काहीतरी हवं असतं आणि ते रास्त आहे. ते म्हणतात, “ताई, मला मेंटेनर करा ना.” मेंटेनर म्हणजे प्रकल्प सांभाळणारा. त्यांना मान हवा असतो, आणि आपण मान म्हणून किल्ली देतो. म्हणून मान आणि किल्ली वेगळ्या करा. वाचा-मला (README) फाइलमध्ये योगदान देणाऱ्यांची यादी ठेवा, कोणी काय केलं ते नेमकं लिहा, मागितलं तर पत्र द्या आणि त्यात त्यांच्या पुल रिक्वेस्टचा उल्लेख करा. हे मनापासून आणि वेळेवर केलं की ‘राइट’ मागणारे फारच थोडे उरतात. जे उरतात त्यांना खरोखर त्याची गरज असते.

भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते ॲक्सेसच्या बाबतीत शब्दशः खरं आहे. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या, फाइल दाबून लहान करणाऱ्या, लायब्ररीच्या (इतर प्रोग्रॅम वापरतात त्या तयार कोडच्या) ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरवाट सापडली. ती घालणाऱ्या खात्याने दोन वर्षांहून जास्त काळ चिकाटीने काम करून विश्वास मिळवला होता आणि मधल्या काळात इतर खाती थकलेल्या मूळ मेंटेनरवर ‘दुसऱ्या कोणालातरी घे’ म्हणून दबाव आणत होती. बाहेरून घाई केली जाते तेव्हा देण्याचा वेग मुद्दाम कमी करा.

## पायरी ५ : कुलूप लावा, आणि ते स्वतःलाही लागू करा

टीम तयार आहेत, पण अजून त्यांत कोणालाही घेऊ नका. आधी मेन ब्रँचवर नियम लावा :

- बदल फक्त पुल रिक्वेस्टमधूनच
- किमान एक मंजुरी
- मंजुरीनंतर नवा कमिट (बदलाची नोंद) आला तर जुनी मंजुरी रद्द
- कोड-ओनरची (त्या फाइलसाठी नेमलेल्या परीक्षकाची) मंजुरी आवश्यक
- फोर्स पुश (जुना इतिहास पुसून कोड ढकलणं) आणि ब्रँच पुसणं बंद

जुन्या पद्धतीच्या ब्रँच प्रोटेक्शनमध्ये हे नियम ॲडमिनना आपोआप लागू होत नाहीत. नियम चुकवायची मुभा कोणालाच नको, अशी वेगळी खूण करावी लागते. नव्या रूलसेटमध्ये सूट मिळणाऱ्यांची यादी असते, ती रिकामी ठेवा. ॲडमिनचं खातं फुटलं तर फुटणारं सर्वांत मोठं दार तेच असतं, तेव्हा तिथेच सवलत ठेवण्यात अर्थ नाही.

ब्रँचबरोबर टॅगलाही (आवृत्तीच्या खुणेलाही) कुलूप लावा. आमचं प्रकाशन ‘व्ही’ने सुरू होणाऱ्या टॅगवरून आपोआप होतं. ब्रँच बंदिस्त आणि टॅग मोकळे असले, तर ‘राइट’वाला कोणीही आपल्या ब्रँचवर टॅग ठोकून न तपासलेला कोड शेतकऱ्याच्या फोनवर पोचवू शकतो. हे कुलूप मी जवळजवळ कुठेच पाहिलेलं नाही.

आता कोड-ओनरची फाइल. तिच्यात कोणत्या फाइलसाठी कोणाची मंजुरी लागेल ते लिहितात. दोन गोष्टी लोकांना हमखास फसवतात. एक, एकाच फाइलला दोन ओळी लागू पडत असतील तर शेवटची ओळ चालते, म्हणून सर्वसाधारण ओळी वर आणि नेमक्या ओळी खाली लिहा. दोन, ज्याचं नाव लिहिलं त्याला त्या रिपॉझिटरीवर ‘राइट’ नसेल तर ती ओळ गृहीतच धरली जात नाही.

या दुसऱ्या नियमाने आम्हाला बराच वेळ अडवलं. औषधांच्या फाइलवर आमच्या कृषी पदवीधर ताईंची मंजुरी हवी होती. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारस यादीशी प्रत्येक आकडा पडताळणं हे त्यांचं काम. त्या कोड लिहीत नाहीत, त्यामुळे त्यांना ‘राइट’ द्यायला जीव धजत नव्हता. आधी कुलूप लावलं आणि प्रश्न मिटला : ‘राइट’ असूनही त्यांच्या किंवा कोणाच्याच हातून मेनमध्ये थेट काही जाऊ शकत नाही. किल्लीआधी कुलूप असा आग्रह मी धरते तो यासाठीच.

कोड-ओनरच्या फाइलवरही ओनर नेमायला विसरू नका, नाहीतर नियम बदलूनच नियमातून सुटता येतं.

तपासणी : एखाद्या सहकाऱ्याला तात्पुरतं ‘राइट’ देऊन मेनवर थेट पुश करायला सांगा. नकार यायला हवा. मग स्वतः ॲडमिन म्हणून तेच करा. तिथेही नकार यायला हवा. नकार डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढच्या पायरीवर जाऊ नका.

मेंटेनर दोघेच असाल तर सक्तीची मंजुरी काम तुंबवते, कारण आपलीच पुल रिक्वेस्ट आपल्याला मंजूर करता येत नाही. त्यावर नियम सैल करू नका, तिसरा परीक्षक तयार करा.

## पायरी ६ : सिक्रेट्स वेगळ्या कपाटात ठेवा

रिपॉझिटरीच्या सिक्रेट्समध्ये ठेवलेलं टोकन पडद्यावर दिसत नाही, त्यामुळे ते सुरक्षित आहे असा समज होतो. पण ‘राइट’ असलेला माणूस स्वतःच्या ब्रँचवर नवा वर्कफ्लो (गिटहबवर आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) लिहून ते टोकन बाहेर काढू शकतो. मेनचं कुलूप इथे उपयोगी पडत नाही.

उपाय असा : ‘एन्व्हायर्नमेंट’ तयार करा, त्याला ‘प्रकाशन’ नाव द्या, प्रकाशनाची टोकनं तिथे हलवा आणि जुन्या जागेवरून पुसा. त्यावर मंजुरी देणारे दोघे नेमा आणि फक्त मेन ब्रँच व ठरलेल्या टॅगवरूनच ते वापरता येईल असं बांधा. मंजुरी मिळेपर्यंत वर्कफ्लोला टोकन मिळत नाही. सोबतच वर्कफ्लोच्या मूळ टोकनाला फक्त वाचण्याचे हक्क ठेवा.

टोकन ठेवावंच लागणार नाही अशी सोय असेल तर ती घ्या. पायपीआयवर २०२३ पासून ट्रस्टेड पब्लिशिंग आहे. त्यात वर्कफ्लो स्वतःची ओळख पटवून थोड्या वेळापुरतं टोकन मिळवतो, जपून ठेवायला कायमचं काही उरत नाही.

सावधान : ‘पुल रिक्वेस्ट टार्गेट’ या प्रकारच्या वर्कफ्लोला सिक्रेट्स मिळतात. त्यात अनोळखी माणसाच्या फोर्कमधला (त्याने काढलेल्या स्वतंत्र प्रतीतला) कोड उतरवून चालवू नका.

## पायरी ७ : आता किल्ली द्या

निकष आधी लिहून रिपॉझिटरीत ठेवा, म्हणजे नकार देताना तुम्हाला स्वतःचं मत पुढे करावं लागत नाही. पुल रिक्वेस्टची संख्या हा निकष कमकुवत आहे. आम्ही तीन गोष्टी बघतो : दुसऱ्याचा कोड नीट वाचून त्यावर बोलतो का, चूक दाखवली की ती स्वीकारून दुरुस्त करतो का, आणि परीक्षेच्या काळात गायब होणार असेल तर आधी सांगतो का. तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते.

दोन मेंटेनर सहमत झाले की आमंत्रण पाठवा, थेट टीमसाठी. आमंत्रण ७ दिवसांत संपतं, म्हणून आधी फोन करून सांगा. पाठवण्यापूर्वी यूजरनेम अक्षर न् अक्षर जुळवा, एका अक्षराच्या फरकाने परक्या माणसाला आमंत्रण जातं. स्वीकारलं की लगेच वहीत ओळ लिहा आणि ‘परत कधी बघायचं’ ती तारीख टाका. गिटलॅबवर सदस्यत्व देतानाच त्याची शेवटची तारीख घालता येते, ती जरूर घाला.

## पायरी ८ : किल्ली परत घ्या, माणूस न दुखावता

बहुतेक प्रकल्प इथे अडतात. काढणं म्हणजे अपमान असं आपल्याला वाटतं, म्हणून कोणी काढतच नाही. पुनरावलोकनाची तारीख ठरलेली असली की ते कोणा एकावर येत नाही. आम्ही वर्षातून दोनदा बसतो, एप्रिल छाटणीच्या आधी आणि ऑक्टोबर छाटणीच्या आधी, कारण छाटणीनंतर ॲपवर काम वाढतं आणि तेव्हा सेटिंगला हात लावायचा नसतो. सहा महिने ज्यांनी किल्ली वापरलेली नाही त्यांना आधी निरोप जातो. आमचा निरोप असा असतो :

“कसा आहेस? सहामाही यादी बघतोय. एप्रिलपासून तुला इकडे वेळ मिळालेला नाही असं दिसतं, नोकरीच्या धावपळीत ते साहजिक आहे. पंधरा तारखेला तुझा राइट ॲक्सेस काढून तुझं नाव माजी मेंटेनरांच्या यादीत घेतोय. परत यावंसं वाटलं की एक मेसेज कर, लगेच देऊ. तू लिहिलेलं हवामानाचं काम अजून रोज चालतंय.”

ज्येष्ठांना हाच निरोप ‘आपण’ म्हणून आणि शक्यतो फोनवर. आजवर कोणी रागावलेलं नाही. गिटहबवर काढलेल्या सदस्याला तीन महिन्यांच्या आत पूर्वीच्या हक्कांसह परत घेता येतं, हेही त्यांना सांगा.

काढण्याआधी वहीतली त्या माणसाची प्रत्येक ओळ बघा, कारण काही किल्ल्या माणसाबरोबर जातात आणि काही मागे जिवंत राहतात. त्याच्या वैयक्तिक टोकनावर चालणारं काम थांबतं. ठरलेल्या वेळी चालणाऱ्या वर्कफ्लोची क्रॉन ओळ (वेळ ठरवणारी) शेवटची त्यानेच बदलली असेल, तर त्याला संस्थेतून काढल्यावर तो वर्कफ्लो बंद होतो. आमची हवामानाची नोंद अशीच एकदा बंद पडली आणि शेतकऱ्याचा फोन आला तेव्हा कळलं. उलट त्याने जोडलेली डिप्लॉय की रिपॉझिटरीची असते. तो गेला तरी ती चालूच राहते आणि तिची खासगी प्रत त्याच्या जुन्या लॅपटॉपवर पडून असते. ती स्वतंत्रपणे पुसावी लागते.

## पायरी ९ : लॅपटॉप चोरीला गेला किंवा खातं फुटलं तर

इथे क्रम उलटा : आधी तोडा, मग बोला. सीबीएसवर (नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावर) बसमधून बॅग गेली असा फोन आला, तर त्या मुलाशी बोलत असतानाच त्याला संस्थेतून काढा. त्याचा दोष नाही हे त्याला सांगा, पण वाट पाहू नका.

मग याच क्रमाने : प्रकाशनाची टोकनं आणि त्याच्या हाताखालून गेलेली सगळी सिक्रेट्स बदला. डिप्लॉय की आणि वेबहुक तपासा. प्रकल्पाच्या ईमेलचा पासवर्ड बदला आणि सगळीकडून लॉगआउट करा. गेल्या काही दिवसांतले टॅग, रिलीज आणि वर्कफ्लो फाइलमधले बदल वाचा. संस्थेच्या ऑडिट लॉगमध्ये १८० दिवसांच्या घडामोडी राहतात आणि तो ओनरलाच दिसतो. त्यात नवे सदस्य, बदललेले नियम आणि नव्या की शोधा. संशयास्पद रिलीज सापडलं तर ते मागे घेऊन वापरणाऱ्यांना त्याच दिवशी कळवा. आमच्या बाबतीत तो मेसेज शेतकऱ्यांच्या गटावर साध्या मराठीत जातो : कोणती आवृत्ती वापरू नये, आणि तोवर काढणीचे दिवस कोणत्या छापील यादीवरून बघावेत. हा मेसेज आम्ही आधीच लिहून ठेवला आहे, फक्त आवृत्तीचा आकडा भरायचा बाकी आहे.